सैन्यातलं नॅनोतंत्रज्ञान : प्रस्तावना

हे पुस्तक कुणासाठी लिहिलं, ते आधी सांगायला हवं. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात, पुंडलिकनगर आणि आसपासच्या वसाहतींत, मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुलंमुली खोल्या करून राहतात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला आलेलं असतं, कुणी सैन्यभरतीच्या, कुणी स्पर्धा परीक्षांच्या. पहाटे मैदानावर धावायचं, दुपारी अभ्यासिकेत बसायचं, असा त्यांचा दिवस. याच शहरात राज्य सरकारची एसपीआय ही संस्था १९७७ पासून एनडीएसाठी मुलं तयार करते आहे. या तरुणांशी विज्ञानावर गप्पा मारायला बसलं की काही प्रश्न हमखास येतात. डासाएवढा ड्रोन खरंच येणार का? गोळी लागली तरी न फाटणारा गणवेश कधी मिळणार? नॅनो बॉम्ब म्हणजे नेमकं काय? प्रश्न मनापासूनचे असतात. मोबाइलवर त्यांना मिळणारी उत्तरं मात्र बहुतेक वेळा पोकळ असतात. उद्या यांतलाच कुणी लडाखमध्ये किंवा गडचिरोलीत एखादं जॅकेट घालून उभा राहील. त्या जॅकेटाबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं खरं किती, हे त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. माझ्या लिहिण्यामागे दुसरं कारण नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. ही व्याख्या पाठ होते, पण तिच्यातून काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा एक हिशेब करून पाहावा. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ होतं सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढं. आता तोच घन एक-एक नॅनोमीटरच्या घनांमध्ये चिरला, तर सगळ्या तुकड्यांच्या पृष्ठभागांची बेरीज भरते ६,००० चौरस मीटर. जवळजवळ दीड एकर रान! पदार्थ तोच, वजन तेच, पण उघडा पडलेला पृष्ठभाग एक कोटी पटींनी वाढला. जळणं, गंजणं, चिकटणं, शोषणं या सगळ्या क्रिया पृष्ठभागावर होतात. दहा नॅनोमीटरच्या कणात अंदाजे पाचवा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात, तीन नॅनोमीटरच्या कणात जवळपास निम्मे. म्हणून सोनं एरवी १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण काही नॅनोमीटरचा सोन्याचा कण त्याच्या कितीतरी आधी वितळतो. लष्करी उपयोगांपैकी पुष्कळसे या एका हिशेबातून निघतात. ज्याला हा हिशेब कळला त्याला पुढचं पुस्तक जड जाणार नाही.

या विषयात सर्वांत मोठा अडथळा नावाचाच आहे. 'नॅनो' ही अक्षरं आपण मोटारीवर पाहिली, २०२१ पासून युरियाच्या बाटलीवर पाहतो. ब्रिटिश सैनिकांनी अफगाणिस्तानात वापरलेला 'ब्लॅक हॉर्नेट नॅनो' हा तळहातावर मावणारा, सोळा-सतरा ग्रॅमचा नॉर्वेचा ड्रोन नावानं नॅनो आहे, पण तो लहान आकाराच्या नेहमीच्या यंत्रसामग्रीचा उत्तम नमुना आहे, नॅनोतंत्रज्ञानाचा नव्हे. लढाऊ विमानाला रडारपासून वाचवणारे चाफचे धागे जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या मदतीनं विकसित केले, ही अभिमानाची गोष्ट. पण धागा मायक्रॉनच्या मापात असेल तर त्याला नॅनो म्हणू नये. मायक्रॉन हा नॅनोमीटरच्या हजारपट मोठा. साधारणपणे शंभर नॅनोमीटरच्या आत आणि त्या आकारामुळेच ज्याचा गुण बदलला, तेच नॅनो, एवढी कसोटी या पुस्तकात मी शेवटपर्यंत पाळली आहे. कण डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. त्यामुळे कुणीही काहीही म्हणू शकतो, आणि म्हणतो. म्हणून प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारायचा: मोजलं का, कुणी मोजलं, आणि कुठे मोजलं?

नॅनोवरची पुस्तकं बहुधा रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९ च्या भाषणापासून सुरू होतात. ते भाषण मोठंच आहे, पण आपल्या वाचकाला त्याहून जवळचा दुवा उपलब्ध आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या इतिहास संग्रहालयात असद उल्लाह या कारागिराच्या हातची मानली जाणारी सतराव्या शतकातली एक दमास्कस तलवार आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि २००६ साली 'नेचर'मध्ये लिहिलं की या पोलादात कार्बनच्या नॅनोनळ्या आणि सिमेंटाइटच्या नॅनोतारा आहेत. काही धातुतज्ज्ञांनी या अर्थ लावण्यावर शंका घेतली. ती चर्चा पुढे एका प्रकरणात सविस्तर येईल. पण अशा तलवारींसाठी लागणारं वुट्झ पोलाद भारतातून जात असे, याबद्दल वाद नाही. त्याचं एक नावाजलेलं केंद्र होतं कोनासमुद्रम. हे गाव आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारचं. पुढे ते निजामाच्याच राज्यात आलं, जसं आपलं शहर आलं. इथलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत. दक्षिणेतल्या काही कृतींमध्ये मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं घालत. तरवड आणि रुई आपल्याकडे माळावर, बांधावर कुठेही दिसतात.

त्या लोहारांना आपण नॅनो पातळीवर काय घडवतो आहोत ते ठाऊक नव्हतं, असू शकत नव्हतं. त्यांच्याकडे हात होता, डोळा होता, पिढ्यांची सवय होती. मोजण्याचं साधन नव्हतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ही विद्या लोपली. विशिष्ट सूक्ष्म अशुद्धी असलेलं खनिज मिळेनासं झालं आणि नेमकं काय बिघडलं ते कुणालाच कळलं नाही, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. मला ते पटतं. जे मोजता येत नाही ते पुन्हा तसंच घडवता येत नाही, आणि सैन्याला लागतं ते पुन्हापुन्हा तसंच घडणारं. एक तलवार अप्रतिम असणं वेगळं, एक लाख गोळ्या सारख्या असणं वेगळं.

आता पुण्यात येऊ. सुतारवाडीतली एचईएमआरएल ही संरक्षण खात्याची स्फोटकांची आणि रॉकेट-इंधनांची प्रयोगशाळा. तिची मुळं १९०८ सालच्या नैनितालमधल्या स्फोटक-परीक्षकाच्या कचेरीत आहेत. १९६० मध्ये ती पुण्याला आली. क्षेपणास्त्राचं घन इंधन तीन मुख्य गोष्टींचं असतं. ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट, उष्णता देणारी अॅल्युमिनिअमची पूड, आणि या दोघांना धरून ठेवणारं रबरासारखं बंधक. नेहमीची अॅल्युमिनिअम पूड मायक्रॉनच्या मापाची असते. इंधन पेटलं की तिचे कण पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून मोठे थेंब बनतात आणि काही थेंब पुरते जळण्याआधीच बाहेर फेकले जातात. तेवढी ऊर्जा वाया. तिथे नॅनो अॅल्युमिनिअम वापरलं तर कण पृष्ठभागाजवळच झटकन जळतात, जळण्याचा वेग वाढतो. इथपर्यंत ऐकलं की कुणालाही वाटेल, मग प्रश्न सुटलाच.

तसं होत नाही. हवेत आलेल्या अॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर लगेच चढतो. त्याची जाडी तीन-चार नॅनोमीटर. मोठ्या कणाला त्याचं काहीच वाटत नाही. पण कणच पन्नास नॅनोमीटरचा असेल आणि थर साडेतीन नॅनोमीटरचा धरला, तर कणाच्या आकारमानातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग हे आधीच जळून गेलेलं ऑक्साइड असतं. इंधन म्हणून ते ओझंच. दुसरं म्हणजे, पृष्ठभाग इतका वाढलेला असतो की तो बंधक पिऊन टाकतो. लगदा घट्ट होतो आणि रॉकेटच्या साच्यात नीट ओतता येत नाही. आत पोकळी राहिली तर मोटार फुटू शकते. तिसरं, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं: ही पूड कपड्याच्या घर्षणातून निर्माण झालेल्या विजेच्या ठिणगीनंही पेटू शकते. ती हाताळणारा कामगार हा या विज्ञानाचा पहिला सैनिक आहे, आणि त्याच्याबद्दल कुठेच लिहिलं जात नाही. नॅनो अॅल्युमिनिअमसोबत तांब्याचं किंवा मॉलिब्डेनमचं ऑक्साइड मिसळून केलेलं नॅनो-थर्माइट हे याच घराण्यातलं. रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात त्या थर्माइटचं हे कितीतरी जलद रूप. ते लहान प्रज्वलकांना उपयोगी पडतं. लोक ज्याला 'नॅनो बॉम्ब' म्हणतात, त्यातलं खरं असलंच तर एवढं.

अंबरनाथची कहाणी वेगळी आहे आणि ती मला जास्त समाधान देते. संरक्षण खात्याची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा, एनएमआरएल, तिथे आहे. डिझेल-विजेवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी ठरावीक काळानं पृष्ठभागाजवळ यावं लागतं, आणि तेव्हा ती शत्रूला सापडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. बाहेरची हवा न घेता पाण्याखाली वीज तयार करता आली तर हा धोका कमी होतो. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फोरिक आम्लाच्या इंधन-विद्युतघटावर आधारलेली प्रणाली उभी केली. तिचा जमिनीवरचा नमुना मार्च २०२१ मध्ये कसोटीला उतरला. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ती पाणबुडीत बसवण्याच्या जोडभागासाठी मुंबईच्या माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. अशा विद्युतघटात प्लॅटिनम लागतं आणि ते भयंकर महाग. म्हणून ते कार्बनवर काही नॅनोमीटरच्या कणांत पसरवतात, म्हणजे थोड्या धातूत भरपूर पृष्ठभाग मिळतो. पुन्हा तोच दीड एकराचा हिशेब! इथे 'नॅनो' हा शब्द कुणी जाहिरातीत मिरवत नाही. तो घटाच्या आत राहून काम करतो. माझं मत असं की लष्करी नॅनोतंत्रज्ञानाचं सर्वांत पक्कं काम अशाच न बोलणाऱ्या जागी चाललं आहे.

आणि मग वास घेणारी यंत्रं. हा विषय आपल्या भागाला जवळून लागून गेलेला आहे. मे २००६ मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात मनमाड-चांदवड पट्ट्यात आरडीएक्स पकडलं गेलं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. स्फोटक आधी सापडलं असतं तर, हा विचार या राज्यातल्या प्रत्येक पोलिसाच्या घरात होतो.

अडचण अशी की आरडीएक्सची वाफ जवळजवळ होतच नाही. खोलीच्या तापमानाला हवेच्या लाखो कोटी रेणूंमागे त्याचे मोजके रेणू. हवा हुंगून ते शोधणं यंत्राला फार कठीण जातं. पण आरडीएक्स हाताळलेल्या माणसाच्या बॅगेवर, गाडीच्या दारावर त्याचे अदृश्य कण चिकटून राहतात. पवईच्या आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या केंद्रातून वाढलेल्या नॅनोस्निफ या कंपनीनं याच कणांचा माग काढणारं 'नॅनोस्निफर' हे यंत्र बनवलं. एप्रिल २०२१ मध्ये ते बाजारात आलं. संशयित वस्तूवरून पट्टी फिरवायची, ती यंत्रात घालायची. आत ती तापते, निघालेली वाफ सूक्ष्म संवेदकांवर जाते आणि दहा सेकंदांच्या आत उत्तर मिळतं. नॅनोग्रॅमच्या घरातलं स्फोटक ते पकडतं. परदेशी यंत्रांवर अवलंबून असलेल्या आपल्या विमानतळांना आणि स्थानकांना हे मोठं पाऊल आहे.

तरीही कुरखेड्याच्या रस्त्याखाली पुरलेला सुरुंग या यंत्राला दिसणार नाही. तिथे पट्टी फिरवायला पृष्ठभागच नाही. विमानतळावरच्या टेबलापासून जंगलातल्या कच्च्या रस्त्यापर्यंतचं हे अंतर या क्षेत्रातलं खरं अंतर आहे. ते कापण्यासाठी वाऱ्यात, धुळीत, पावसात टिकणारे, एकाच वेळी अनेक वायू ओळखणारे संवेदक हवेत. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही या दिशेनं काम होतं. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात रूसा या उच्च शिक्षणाच्या सरकारी योजनेतून उभं राहिलेलं प्रगत संवेदक तंत्रज्ञान केंद्र आहे. विजेला वाट देणारी बहुवारिकं आणि कार्बनच्या नॅनोनळ्या यांच्यावर घातक वायू बसला की त्यांचा विद्युतरोध बदलतो, तो बदल मोजायचा, असं या पद्धतीच्या संवेदकांचं तत्त्व. हे संशोधन मुख्यतः प्रदूषण आणि औद्योगिक सुरक्षेसाठी चालतं. पण गळतीचा अमोनिया ओळखणारा संवेदक आणि रणांगणावरचा विषारी वायू ओळखणारा संवेदक यांचं घर एकच. पुंडलिकनगरातून विद्यापीठाच्या गेटपर्यंत रिक्षानं जाता येतं. संरक्षण-संशोधन म्हणजे दिल्ली-हैदराबादची गोष्ट, असं समजून बसलेल्या आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगतो आहे.

गणवेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या लष्करानं २००२ साली एमआयटीमध्ये सैनिकांसाठीची नॅनोतंत्रज्ञान संस्था काढली, पहिल्या पाच वर्षांना पाच कोटी डॉलर दिले. तेव्हापासून 'अभेद्य गणवेश' वर्तमानपत्रांत येतो आहे. डेलावेअर विद्यापीठात सिलिकाचे कण मिसळलेला, झटका बसताच घट्ट होणारा द्रव केव्हलारच्या मजबूत कापडात मुरवून पाहिला. तो टोकदार वस्तूला चांगला अडवतो. पण सैन्याच्या नेहमीच्या जॅकेटाची जागा त्यानं अजून घेतलेली नाही. एकट्या नॅनोनळीची ताकद अचाट असते, पण लाखो नळ्यांचा पीळ दिला की तो दोर त्या ताकदीच्या जवळपासही जात नाही, कारण नळ्या एकमेकींवरून घसरतात. आजच्या जॅकेटात सिरॅमिकच्या पाट्या आणि घट्ट विणीचे बहुवारिक धागेच जीव वाचवतात. भरतीला जाणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे २००७ साली केंद्राच्या नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी हजार कोटी मिळाले. त्यातून देशभर प्रयोगशाळा, उपकरणं आणि माणसं उभी राहिली. त्या तपशिलांना वेगळं प्रकरण दिलं आहे.

धोक्यांविषयी लिहिताना मी हात आखडता घेतलेला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लांब कार्बन नॅनोनळ्या उंदरांच्या पोटातल्या आवरणात सोडल्यावर अॅस्बेस्टॉससारखी सूज आणि गाठी दिसल्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं एका विशिष्ट प्रकारच्या बहुभिंती नॅनोनळीला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं. सगळ्याच नळ्या घातक नाहीत. लांबी, कडकपणा, शुद्धता यावर ते ठरतं. पण म्हणूनच मोजणी हवी. चिलखताला गोळी लागून जो धुरळा उडतो, तो सैनिकाच्याच फुप्फुसात जातो. ज्या कारखान्यात नॅनोकणांचे लेप दिले जातात तिथे आपल्या वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या मुलांसारखीच मुलं कामाला असतात. हवेतले नॅनोकण मोजणारं उपकरण तिथे आहे का, हे विचारण्याचा हक्क त्यांना आहे.

कायद्याची बाजू याहून अवघड. १९९३ चा रासायनिक शस्त्रांविरुद्धचा करार १९९७ पासून लागू आहे. भारतानं आपला रासायनिक साठा २००९ पर्यंत नष्ट केला, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. तो करार पदार्थाचा हेतू पाहतो, त्यामुळे नॅनोकणात भरून दिलेलं विषही त्याच्या कक्षेत येतं. अडचण तपासणीची आहे. निरीक्षक कारखान्यात टनांचा हिशेब पाहू शकतात. पण औषध मेंदूपर्यंत पोहोचवणारा कण आणि विष पोहोचवणारा कण एकाच खोलीत, एकाच उपकरणावर बनू शकतात. १९८० च्या एका आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या पुरवणीत, क्ष-किरणांत दिसणार नाहीत अशा तुकड्यांनी जखमी करणाऱ्या शस्त्रांवर बंदी आहे. भारत त्याचा पक्षकार आहे. तो नियम लिहिताना काच आणि प्लास्टिक डोळ्यांपुढे होतं. डॉक्टरला जखमेत काय आहे ते दिसलं पाहिजे, एवढीच त्यामागची माणुसकी. शंभर नॅनोमीटरचा सुटा कण तर रुग्णालयातल्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. या नियमाचा आत्मा नव्या काळात कसा टिकवायचा, यावर भारतानं पुढाकार घेऊन बोलावं असं मला ठामपणे वाटतं. साठा नष्ट केलेल्या देशाला तो अधिकार आहे.

पुस्तकात शक्य तिथे आकडा दिला आहे आणि तो कशाचा, तेही लिहिलं आहे. प्रयोगशाळेतल्या ग्रॅमभर नमुन्याचा निकाल आणि मैदानावरच्या चाचणीचा निकाल कुठेही एकत्र केलेला नाही. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्यांनी दुसरं प्रकरण सोडून सरळ तिसऱ्यापासून वाचायला हरकत नाही. शिक्षकांना विनंती, की पृष्ठभागाचा हिशेब फळ्यावर एकदा मुलांकडूनच करून घ्यावा. आणि सैन्यात, पोलिसांत किंवा कारखान्यात प्रत्यक्ष ही साधनं हाताळणाऱ्या वाचकांनी या पुस्तकातलं एखादं विधान त्यांच्या अनुभवाशी जुळत नसेल तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावं. पुढच्या आवृत्तीत ते तपासून दुरुस्त केलं जाईल.

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर